जागं ठेवायची गोळी

"मुँह खोल," दुभाष्या म्हणला.

मी तोंड उघडलं. साहेबानं हातमोजा न काढता बोट आत घातलं. जिभेखाली, गालफडात फिरवलं. गोळी गिळली का न्हाई, बघत होता. रांगेत सगळ्यांचं तसंच. त्याच बोटानं.

गोळी कशाची, मी विचारलं. साहेब कायतरी बोलून हसला. दुभाष्यानं सांगितलं, "साहब बोलते हैं, बैल से पूछा नहीं जाता."

मी कळमनुरीकडच्या तांड्यावरचा. आमच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं. घाट चढवायला त्यांनी बैलालाबी असलं काही चारलं नसंल.

मी फौजी न्हाई. परदेशात गोदामात माल उचलायचं काम हाय म्हणून एजंटानं नेलं. उतरल्याबराबर पासपोर्ट काढून घेतला, वर्दी चढवली अन् दुसऱ्याच्या लढाईत, खंदकात नेऊन टाकलं.

त्या गोळीनं झोप जाते. भूक जाते. छाती धडधडते, दात आपोआप खातो माणूस. अन् वाटतं, आपल्याला काही होत न्हाई.

माझ्यासोबत पंजाबचा जस्सी होता. हल्ल्यात त्याच्या मांडीत लोखंड घुसलं. बूट रक्तानं भरला, पचपच वाजत होता. तरी पळून राहिला. मी ओरडलो, "बैठ जा!"

"दुखता नहीं, भाई." हसत म्हणला. पळता पळताच पडला.

मी त्याच्याजवळ बसलो. रडायला आलंच न्हाई. गोळी माझ्याबी पोटात होती. माझा दोस्त मेला अन् माझं दुःखसुद्धा यांनी काढून घेतलं. तिथं माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी गोळी साहेबाच्या बुटावर थुंकली. "न्हाई खात." मराठीत म्हणलो. दुभाष्याची गरज पडली न्हाई. बंदुकीच्या दस्त्यानं तोंड फोडलं, पुढचे दात गेले. अन् पुढं पाठवलंच. सुटका काही झाली न्हाई. खंदकातून निघताना भीतीनं मुतलो. पण ती भीती माझी होती. जस्सीसाठी त्या दिवशी रडलो.

पाय गेला, तवा घरी धाडलं.

एजंट मोठ्या घरचा. त्यानंच गावात माझा सत्कार ठेवला. शाल घातली, "आपला वाघ" म्हणला. पुढं बसलेल्या पोरांना माइकवर सांगितलं, "अशी संधी सोडू नका." मी शाल खाली टाकली अन् सगळं सांगितलं. बोटापासून बुटापर्यंत. एजंट हसला. "पिऊन आलाय. तांड्याची जात, दुसरं काय." लोकबी हसले.

कळमनुरीला त्याचं ऑफिस अजून चालू हाय. पोरं येऊनच राहिली. मी कुबडी घेऊन दारात बसतो, जाणाऱ्याला अडवून सांगतो. बहुतेक ऐकत न्हाईत. त्याच्या माणसांनी मला उचलून रस्त्यापलीकडं टाकलं. मी सरपटत परत आलो.

आता उंबऱ्यावरच बसतो. ज्याला आत जायचं, त्यानं मला ओलांडून जावं.