पन्नास माणसांची डायरी

आमचे हे माणसं विसरायला लागले, म्हणून आम्ही एक यंत्र विकत घेतलं.

हे कन्नडच्या एसटीवर कंडक्टर होते. कुणाची लेक कुठं दिली, कुणाचा पोरगा कुठं कामाला लागला, सगळं तोंडपाठ. लोक तिकीट काढता काढता ह्यांना स्थळं विचारायचे. मग डोक्यात रक्ताची बारीकशी गाठ झाली. हातपाय वाचले, माणसं गेली. दवाखान्यातून घरी आले आणि दारात उभ्या असलेल्या सख्ख्या बहिणीला म्हणाले, "या, बसा. कुणाकडं आलात?" वन्सं रडायला लागल्या. औषधाची गुंगी आहे, असं सांगून मी त्यांना गप्प केलं.

त्यात आमच्या रेखाचा साखरपुडा तोंडावर आला. मुलीच्या बापाचं डोकं गेलंय हे मुलाकडच्यांना कळलं, तर ते पाट सोडून उठतील, ही मला धास्ती. रेखा म्हणाली, "बाबा, चिठ्ठीत बघून नावं घ्या."

"चिठ्ठीत बघितलं की लोक म्हणत्यात म्हातारा झाला," हे म्हणाले. "यंत्रात बघितलं की म्हणत्यात सायब झाला."

इतकं शहाण्यासारखं बोलले, की मला वाटलं आता यंत्राची गरजच नाही. (लगेच त्यांनी विचारलं, साखरपुडा कुणाचा आहे.)

तेव्हा मोबाईल मोठ्या लोकांकडंच असायचे. पैठण गेटजवळच्या एका दुकानात रेखा आणि मी गेलो. दुकानदारानं काचेवर तीन डिजिटल डायऱ्या मांडल्या. "भाभी, ये सबसे सस्ती, पचास नाम. ये दो सौ. और इसमें हजार, साथ में घड्याल बी है." रेखानं माझ्याकडं बघितलं. दुकानदारानंही बघितलं. परक्या माणसासमोर माझा आवाज घशातच राहतो, म्हणून मी सगळ्यात जवळच्या डायरीवर बोट ठेवलं. ती पन्नासची निघाली.

"भाभी को सब मालूम है," दुकानदार म्हणाला.

घरी येऊन हिशेब केला तर पन्नासात आमची निम्मी भावकीसुद्धा बसेना. मग रेखानं तोड काढली. जी माणसं बाबांना आठवतात, ती कशाला घालायची? विसरली तेवढीच घालू. आम्ही ह्यांना समोर बसवून एकेक नाव घेतलं. ओळख पटली की तो माणूस बाहेर. नाही पटली की यंत्रात, आणि नावापुढं एक खूण: टक्कल, सोन्याचा दात, मोठ्यानं हसते. वन्सं यंत्रात गेल्या. खूण: रडते. थोरल्या जाऊबाईंचं नाव घेतलं तेव्हा मात्र हे लगेच म्हणाले, "तिला कोण इसरंल? माझ्या लग्नात पंगतीतून उठून गेलती." जाऊबाई बाहेर राहिल्या.

साखरपुडा हर्सूलला आमच्याच दारात झाला. हे मांडवात यंत्र घेऊन बसले. आल्या माणसाकडं बघायचं, बोटानं बटन दाबत जायचं आणि म्हणायचं, "या दाजी, दात लई चमकतोय." माणसं खूश. विहीणबाई मला म्हणाल्या, "तुमचे मालक लई सुधारलेले दिसतात." मी पदर सारखा केला. सुधारलेल्या माणसाची बायको काय बोलते, हे मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात जाऊबाई पुढं आल्या. "भावजी, आमचं नाव काढा बरं त्यात."

"तुमचं नाय यात," हे म्हणाले.

"नाय? घरात थोरली मी, आन् माझंच नाय?"

"माझं हाय," वन्सं म्हणाल्या. "रेखानं सांगितलंय मला."

"तुझं असणारच. लाडाची तू."

"मग? पाठची बहीण हाय मी."

हे समजूत घालायला गेले. "वैनी, राग मानू नका. जी माणसं माझ्या डोक्यातून गेली, तेवढीच यात घातलीत. तुम्ही अजून डोक्यात हायती."

वन्संच्या हातातली पेढ्यांची ताटली तिरपी झाली. "म्हंजे मी डोक्यातून गेले व्हय, दादा?" त्या म्हणाल्या आणि यंत्रातल्या खुणेप्रमाणं रडायला लागल्या. दाजींनी तोंड मिटून दात झाकला. ज्यांना ज्यांना ह्यांनी यंत्रात बघून हाक मारली होती, ते सगळे खाली बघायला लागले. जाऊबाई तरी समाधानी व्हाव्यात की नाही? त्या रेखाला म्हणाल्या, "ते काय असंल ते असू दे. मलाबी घाल त्यात. भावजींचं डोकं कवा दगा दील, काय भरवसा?" एकच जागा उरली होती. ती त्यांनी घेतली. रेखानं रागानं खूण म्हणून नुसती फुली मारली.

मी भीतभीत विहीणबाईंकडं बघितलं. आता उठणार, असं मी धरूनच चालले होते. त्या माझ्या कानाशी आल्या. "आमच्या ह्यांनी परवा नाकावर चष्मा ठेवून मला इचारलं, चष्मा कुठं हाय. ही डायरी कुठं मिळाली तुम्हाला?"

साखरपुडा पार पडला. रेखा सासरी गेली. जाताना तिनं मला यंत्रातलं एकच काम शिकवलं, नाव पुसायचं. "माणसं जातात, आई. जागा करावी लागते."

माझं नाव त्यात नव्हतं. त्याचा मला मनातून लई गर्व होता. यंत्रात नाही म्हणजे डोक्यात आहे. ह्यांनी जन्मात मला नावानं हाक मारली नाही, "ऐकलं का" एवढंच. त्यामुळं खरंच आठवते की नाही, हे तपासायची सोय नव्हती. मलाही ती नको होती.

एका दुपारी मी चहा नेला. हे खुर्चीत सावरून बसले. "बसा, ताई," म्हणाले. "आमची घरातली कुठं दिसंना."

मी कप त्यांच्यापुढं ठेवला. मी म्हणाले, "बाजारात गेली. येईल."

"आली की सांगा तिला. चहात साखर लई कमी टाकती."

मी कप उचलून आत गेले. साखर घातली, चहा नेऊन दिला. मग यंत्र घेतलं, फुलीवाल्या जाऊबाई शोधून काढल्या आणि पुसून टाकल्या. नवं नाव कसं घालायचं, ते मात्र मला येत नव्हतं.

यंत्रात आता एकोणपन्नास माणसं आहेत. शेवटची मोकळी जागा दिसते, ती मी.