विधवेनं राखलेली जमीन

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतले आमचे शेजारी काका कॅलिफोर्नियाला कधी गेलेले नाहीत, पण भेटले की तिथल्या एका रँचचीच गोष्ट सांगतात. मेक्सिकोच्या राजवटीत ओढ्याकाठची ती जमीन एका शिपायाला इनाम मिळाली. पुढे अमेरिकेचं राज्य आलं, तेव्हा त्याच्या विधवेनं कोर्टात भांडून ती राखली. "राखली की नाही बाईनं!" म्हणत काका टाळी मागतात. मग नातवांनी तुकडे करून विकली, हे सांगताना मात्र सख्ख्या पुतण्यांवर चिडावं तसे चिडतात.

परवा माझी मावसबहीण तिकडून आली. तिचं घर नेमकं त्याच जमिनीवर निघालं! काका घाबरतच म्हणाले, "तिथला ओढा तरी राहिलाय का गं?"

"आहे ना काका, आमच्या किचनमागेच वाहतो."

काकांनी चहाचा कप माझ्याकडे दिला, तिचे दोन्ही हात धरले आणि आमच्या सिटिंग रूममध्ये गरगर फुगडी घातली.