बारा किलो तीनशे

त्याला सगळे काटेवालेच म्हणत. रागावली की बायकोसुद्धा. एकतीस वर्षं कारखान्याकारखान्यांतून फिरून त्याने बिघडलेले वजनकाटे ताळ्यावर आणले. आधी पेटीत लोखंडी वजनं नि स्क्रू-ड्रायव्हर असायचा, पुढे कंपनीने लॅपटॉप दिला. काट्याला वायर जोडायची, लॅपटॉपात आकडे भरायचे, की काटा खरं बोलायला लागे.

लॅपटॉपचा पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदला, असा ऑफिसचा हुकूम. दर वेळी नवा शब्द आणायचा कुठून? मग हुकूम आला की तो नातीला घरच्या काट्यावर उभी करी. आधी तिचं लाडाचं नाव ढब्बू, पुढे तिचं वजन, झाला पासवर्ड. सून तो आकडा कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहून ठेवी. "पासवर्ड बाळसं धरतोय बरं का," असं तो येईल त्याला सांगे.

त्या दिवशी सकाळी तो घरापासून सात तासांवर, एका साबणाच्या कारखान्यात होता. तिथला काटा पोत्यामागे अर्धा किलो जास्त दाखवत होता. सुपरवायझर हाताची घडी घालून उभा. काटेवाल्याने लॅपटॉप उघडला, ढब्बू, बारा तीनशे. लाल ओळ आली. पुन्हा टाकलं. पुन्हा लाल.

"काका, चष्मा लावा की," सुपरवायझर म्हणाला.

चष्मा नाकावरच होता. काटेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. पासवर्ड चुकला तर चुकला, त्याचं एवढं काही नव्हतं. पण त्याचे वडील साठीच्या आतच विसरायला लागले होते. आधी वस्तू, मग माणसं. शेवटी एकदा स्वतःच्या घरापाशी येऊन शेजारच्या पायरीवर दिवसभर बसून राहिले, आपलं दार कुठलं ते आठवेना म्हणून. काटेवाल्याला आता अठ्ठावन्न सरलं होतं. चहात दोनदा साखर घातली तरी तो मनात घरातल्या सगळ्यांची नावं म्हणून बघायचा.

त्याने बाहेर जाऊन सुनेला फोन लावला.

"कपाटाचं दार उघड गं. शेवटचा आकडा काय आहे?"

"बारा तीनशे. का हो बाबा?"

"नीट बघ. तीनशेच ना?"

"माझंच अक्षर आहे. तेव्हा ही मेली काट्यावरून उतरायलाच तयार नव्हती, आठवतंय ना?"

आठवत होतं. मग बोटं दगा देतात की काय? वडिलांना शेवटी सदऱ्याची बटणंही लावता येत नव्हती. त्याने आत येऊन एकेक अक्षर तोंडाने म्हणत दाबलं. सुपरवायझर वाकून बघत होता. "बरोबर टाकलंत की," तो म्हणाला. लाल ओळ तशीच.

नाइलाजाने त्याने ऑफिसात फोन केला. कॉम्प्युटर सांभाळणारी मुलगी ओळखीची होती.

"काका, तुम्हाला मेल नाही मिळाला?"

"कुठे येणार होता?"

"लॅपटॉपवर."

"अगं, तोच तर उघडत नाही!"

ती हळू आवाजात म्हणाली, "काल संध्याकाळी मेल गेलाय. दुरुस्तीचा विभागच बंद केला, काका. सगळ्यांची नावं कॉम्प्युटरमधून काढली. तुम्ही बाहेरगावी आहात हे वर कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"म्हणजे पासवर्ड बरोबर होता?"

"पासवर्डचा प्रश्नच नव्हता हो."

त्याचा जीव भांड्यात पडला. साबणाच्या खोक्यावर बसून तो चक्क हसला. डोकं शाबूत होतं! हसू ओसरलं तसं ती मुलगी काय म्हणाली ते त्याला पहिल्यापासून पुन्हा ऐकू आलं.

"काय झालं, काका? काट्याचं काय?" सुपरवायझरने विचारलं.

काटेवाल्याने खडू मागून घेतला आणि काट्याच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अर्धा किलो वजा करा'. "दुसरं कुणी येईपर्यंत असं चालवा," म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला.

परतीच्या बसमध्ये लॅपटॉप मांडीवर होता. कंपनीची वस्तू, पडायला नको.

संध्याकाळी त्याने दारात पाऊल टाकताच नात पळत जाऊन काट्यावर उभी राहिली. तो घरचा काटाही कंपनीचाच. तोही आता परत करावा लागणार होता. ते त्याने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

सून पेन्सिल घेऊन कपाटाशी गेली. "किती, बाबा?"

"बारा सातशे."

"हा नवा पासवर्ड का?"

"नाही. नुसतं वजन आहे." तो खाली वाकून आकड्याकडे बघत राहिला. "तरी लिहून ठेव."