माईकचं बटण

परळीत कार्यक्रम कुणाचाही असो, माईक आमच्या माईकवाल्याचाच. मी सूत्रसंचालन करतो, त्यामुळे आमची गाठ नेहमीची. भाषण आवडलं तर तो माईकवरूनच ‘वा, सर!’ म्हणतो. फसलं तर मात्र आधी बटण बंद करतो, माईकवर बसलेली औष्णिक केंद्राची राख पुसायच्या निमित्तानं स्टेजवर येतो आणि वक्त्याच्या कानात सांगतो, ‘लई लांबलं, सर. लोकं उठायलीत.’ लोकांना वाटतं, लाईट गेली.

परवाच्या जयंतीला माईकनं शिट्टी मारली आणि भाषण करणाऱ्या पुढाऱ्यानं भर सभेत त्यालाच झापलं, ‘अक्कल हाय का न्हाई बे तुला?’ आता बटण बंद होणार, याची मला खात्री होती. त्याचा हात मशीनकडं गेलाही. पण त्यानं आवाज वाढवला. पुढारी पुन्हा तेच ओरडला आणि त्याचं ते ‘बे’ पार स्टेशनपर्यंत घुमलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वर केल्या. पुढारी गप्प झाला.

तो वायरी गुंडाळत होता तेव्हा मी विचारलं, ‘कावून वाढवला आवाज?’

तो हसला की नाही, मला अजून सांगता येत नाही.

‘दुसऱ्याची चूक असती तर बंदच केला असता, सर. ही माझी व्हती.’