लेखिकेचं टेबल

ब्रसेल्सला लेकीकडे गेले होते, तेव्हा तिने मला एका जुन्या लेखिकेचं घर दाखवलं. बाईने कादंबरी लिहिणं बेल्जियममध्येही चमत्कारिक वाटायचं, त्या काळात हिने सात लिहिल्या. घराचं आता संग्रहालय झालंय. दारातल्याच खोलीत तिच्या वकील नवऱ्याचं मेज होतं, दौत आणि चष्म्यासकट, दोरी लावून जपलेलं. तिचं मेज मात्र कुठेच दिसेना. लेकीने तिथल्या बाईंना विचारलं, तर त्यांनी जेवणाच्या टेबलाकडे बोट केलं.

"इथेच लिहायच्या. जेवणाची वेळ झाली की कागद उचलायच्या."

टेबलावर आठ जणांच्या बशा मांडलेल्या होत्या, मधोमध सूपाचं भांडं. कागदाचा कपटासुद्धा नव्हता. किती वाक्यं अर्धवट सोडून ती उठली असेल, आणि परत आल्यावर त्यातली किती सापडली असतील? माझं डोकंच फिरलं. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघी मायलेकी तणतणत होतो.

आल्या आल्या मी हे लिहायला बसले. चार ओळी झाल्या असतील, तोच स्वयंपाकघरातून लेक म्हणाली, "आई, तुझे कागद उचल ना, पानं घ्यायचीत."

मी मुकाट्याने उचलले.