खांद्यावरचा पदर

काल नातीला साडी घ्यायला गेलो, तर दुकानातला तरुण विक्रेता साडी स्वतःच्याच खांद्यावर टाकून पदर दाखवत होता. बायका हसत होत्या, आणि मला माझे आजोबा आठवले.

तेव्हा आमचं साड्यांचं दुकान होतं, तिथे आजोबाही असाच पदर घेत. भरघोस पांढऱ्या मिशा आणि खाली जांभळी इरकल! "अण्णा, तुम्हालाच शोभतेय की," एखादी म्हणे. "मग ठेवूनच घेतो. आमच्या म्हातारीला तेवढं सांगू नकोस!" गादीभोवती हशा पिकायचा. काही न घेता उठणारी बाईसुद्धा हसतच पायऱ्या उतरायची.

मी शिकून दुकानात आलो, मोठे आरसे लावले, आणि एकदा गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "आजोबा, पुरे आता. हसं होतं आपलं."

त्यांनी पदर उतरवला, साडीची नीट घडी घातली. दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत. घराच्या गॅलरीत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारत, "काय वहिनी, आज कुणीकडे?" माणसं घाईत असत.

आजोबा थकून घरी बसले, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते थकले नव्हते. त्यांना मी बसवलं.