आप्पांचा गिअरबॉक्स

आप्पांकडे गेलं की चहा आधी मिळत नसे. आधी गाडीखाली शिरावं लागे. वडगाव रासाईला त्यांच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये साठच्या दशकातली, दोन सीटांची, उघड्या टपाची लाल विलायती गाडी उभी होती. आप्पा गोणपाट अंथरत, माझ्या हातात बॅटरी देत आणि म्हणत, "ताई, आज दिसतोय का बघा नंबर." मी ओढणी कमरेला खोचून आत सरके. गिअरबॉक्सवरचा नंबर कधीच दिसला नाही. दिसणार कसा? तो आप्पांनीच घासून टाकला होता.

मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात गिअर तपासायचं काम करते. ते कुणीतरी आप्पांच्या कानावर घातलं आणि माझ्यामागे हे लचांड लागलं. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, दादांची. दादा वारल्यावर पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन ती पाहायला आले. खाली वाकून म्हणाले, गिअरबॉक्स नंतरच्या मॉडेलचा वाटतोय, नंबर सापडला तर कळेल, पण तो दिसत नाही. दादा तर जन्मभर सांगत आले होते की गाडीचा स्क्रूसुद्धा बदललेला नाही. गावात कुजबुज सुरू झाली, की दादांनी मूळचा गिअरबॉक्स गुपचूप विकून दुसरा बसवला. आप्पांना गाडीचं काही वेड नव्हतं. आपला भाऊ खरा की खोटा, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि नंबराचं झालं होतं ते असं. दर खंडेनवमीला आप्पा कुळवापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळं घासून, रंगवून पूजेला मांडत. दादा गेले त्या वर्षी त्यांच्या आठवणीनं त्यांनी गाडीही घेतली. खाली झोपून गिअरबॉक्सवर ग्राइंडर फिरवला, चंदेरी रंग दिला, हळदकुंकू वाहिलं. इतकं मन लावून घासलं, की अंकांचा मागमूस उरला नाही. विचारलं तर म्हणाले, "पूजेला मळकं कसं ठिवायचं?"

खोलून बघू म्हटलं, तर त्यालाही नकार. "कारखान्यानं आवळलेलं बोल्ट हायती ते. सोडल्यावर मग मूळचं राह्यलं काय?" मग चालवून बघू. खूण अगदी साधी होती. या गाडीच्या मूळच्या गिअरबॉक्समध्ये चालत्या गाडीत पहिला गिअर टाकला की तो करकरतो. नंतरच्या मॉडेलमध्ये निमूट पडतो. इंजिन सुरू होत होतं, ब्रेक लागत होते. शेताच्या रस्त्यावर एक फेरी मारली की निकाल लागला असता. आप्पा मान हलवत. "खोट्या गिअरबॉक्सवर दादाची गाडी पळवायची न्हाई. आधी नक्की करा, मग चालवू."

अहो, पण चालवल्याशिवाय नक्की कसं होणार? हे मी शांतपणे सांगितलं, चिडून सांगितलं, एकदा तर चहा न घेता तडक निघून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेथीच्या जुड्या पाठवल्या आणि निरोप, की रविवारी या, नवी बॅटरी आणलीय, उजेड लांब पडतो.

माणूस लाख होता, पण दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणं त्यांना जमत नसे. सरपंच असताना बांधाचं भांडण आलं की मोजणीचा नकाशा बाजूला ठेवून स्वतः चालून यायचे. "म्या सवता बघितल्याबिगर खरं धरत न्हाई," हे त्यांचं पालुपद. त्याचा गावाला फायदा झाला असेल, मला मात्र त्यानं रडकुंडीला आणलं.

वर्षं गेली. आप्पांचे गुडघे गेले, मग कान गेले. मुलीनं आणलेलं कानाचं यंत्र ते खिशात ठेवत. आणि एका दुपारी आपणहून म्हणाले, "चालवा आता तुम्ही. मी बसतो शेजारी."

नदीकडच्या रस्त्याला गाडी जरा पळू दिली आणि चालत्या गाडीत पहिला टाकला. असा करकरला, की रस्त्याकडेच्या शेळ्या बुजल्या. मी गाडी थांबवून ओरडले, "आप्पा, मूळचा आहे! दादा खरं बोलत होते!" त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं; यंत्र दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात घरीच राहिलं होतं. मी पुन्हा तसंच केलं, या वेळी त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर धरून. ते म्हणाले, "आवं, सगळीच गाडी हादरतीया." मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द सांगितला. एवढं मात्र त्यांना नीट कळलं. माझ्याकडे बघून ते हसले.

"लय चांगल्या हाय तुम्ही, ताई. मला बरं वाटावं म्हणून सांगताय. दादानं बदलला आसंल. तवा घरात अडचणच तशी हुती. म्या काय मनात ठिवलं न्हाई."

मी शपथा घेतल्या. ते माझ्या हातावर थोपटत राहिले. दिवाळीनंतर ते गेले. सगळे म्हणाले, समाधानानं गेले. गेले असतील. पण भावानं जे केलंच नव्हतं, त्याची त्यांनी त्याला माफी देऊन टाकली. माझा राग अजून तिथेच अडलेला आहे, आणि तो काढायचा कुणावर ते मला कळत नाही.